लेटरहेडवरचा हात

७ जानेवारी, मंगळवार

लॅपटॉप आला. राधेश्यामच्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना. त्यानं स्वतःला नवीन घेतला, हा आमच्या गटाला दिला. नंदाबाईनं आधी झाकणाला हळदकुंकू लावलं, मंग उघडला, आणि बोट पुसायच्या आत खालच्या बटणांवर टेकवलं. आता एक बटण लाल हाय.

मंग सगळ्या बाया माझ्याकडं पाहून राह्यल्या. का, तर मी नववीपर्यंत शिकले. बाकी कुणी चौथी, कुणी नुसता अंगठा. नंदाबाई गटाची अध्यक्ष, ती म्हणली वंदना, हे तुझं काम. मी म्हणलं मला येत न्हाई. ती म्हणली येसराचा मसाला भाजायला तरी कुठं येत होतं, पयला घाणा जाळलाच की तू.

काम असं — जालन्याला बचत गटांचं प्रदर्शन भरणार हाय. आम्हाला तिथं येसर आणि शेवया ठेवायच्यात. त्याला अर्ज पाहिजे, आणि अर्ज गटाच्या लेटरहेडवरच पाहिजे. वर लोगो पाहिजे. सत्तावीस तारखेच्या आत. लोगो म्हंजे चित्र, गटाची खूण. इतकं राधेश्यामनं सांगितलं आणि गेला.

नंदाबाई सगळ्यांपुढं बोलली, अर्ज गेला की लगेच दुसरं पत्र वंदनाला द्यायचं. ही बाई गटात कामाला हाय, कमवून लेकरू सांभाळती, असं. मीच मागितलं होतं तिला. कशाला पाहिजे ते तिनं इचारलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई.

इथं बी लिहायची भीती वाटून राह्यली.

८ जानेवारी, बुधवार

लिहिते. वही गटाच्या खोलीतच ठेवणार, शेवयाच्या डब्यात. घरी न्हाई नेणार.

दोन तारखेला दादानं एक पाकीट आणलं. वसंतादादा, माझा सख्खा भाऊ. दिवाळीपासून मी तृप्तीला घेऊन त्याच्याच घरी हाय, आष्टीत. म्हणला पोस्टमन रस्त्यात भेटला, माझ्यापशी दिलं. आत दोन पानं. वर तराजूचं चित्र. चित्राशेजारी ‘कायदे व न्याय सल्ला कार्यालय, जालना’. दादानंच वाचून दाखवलं. नंतर मी वाचलं. दहादा वाचलं.

लिहिलंय की आईनं मुलीला बेकायदा ठेवून घेतलं. एक महिन्याच्या आत मुलगी घेऊन शहागडला नवऱ्याच्या घरी हजर व्हावं. नसता पोलीस येऊन मुलीचा ताबा घेतील आणि बापाला देतील.

एक महिना म्हंजे दोन फेब्रुवारी.

बापाला देतील! मी त्याचं नाव घेत न्हाई तोंडानं, पण वहीत घेते. भारत. ट्रक चालवतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तृप्तीला केबिनात बसवलं, फिरवून आणतो म्हणला. पुलाच्या अलीकडं ट्रक लावला, काचा बंद, कुलूप, आणि प्यायला गेला. विसरला तिला. तीन वर्षांचं लेकरू. मीच शोधत गेल्ते. काचेला आतून तिचे हात चिकटलेले दिसले. आवाज बसला होता रडून रडून. चार दिवस तिला बोलता आलं न्हाई.

त्याच्या घरी परत? न्हाई.

दादा म्हणला हा कागद कुणाला दावू नको. कोर्टाचा कागद दुसऱ्याला दावला तर आणिक गुन्हा लागतो. मंग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी हाय ना, म्हणला. पण बाई, कोर्टाशी कोण भांडणार, जाऊन टाक आपली.

कागद मी तृप्तीच्या स्वेटरात गुंडाळून ट्रंकेत ठेवलाय. उघडला तर तराजू दिसतो, म्हणून उघडत न्हाई.

माझ्या डोक्यात एकच हाय. चित्रवाल्या कागदाला उत्तर द्यायचं तर माझ्यापशी बी चित्रवाला कागद पाहिजे. साध्या कागदाला कोण इचारतं?

१० जानेवारी, शुक्रवार

‘तुळजाई महिला बचत गट, आष्टी’ — एवढं लिहायला सकाळ गेली. इंग्रजीत मारलं की मराठी उमटतं. तु मारला तर टु येतो. टु पुसला तर शेजारचं बी पुसलं गेलं. लाल बटण चिकटतं, एकदा दाबलं की पाच अक्षरं येतात.

तृप्ती मांडीवर झोपली. एका हातानं काम केलं.

१२ जानेवारी, रविवार

आज चित्रावरून भांडण. नंदाबाईला समर्थांचं चित्र पाहिजे. ती दर रामनवमीला जांबला, समर्थांच्या जन्मगावी, जाती. म्हणली लग्नाच्या पत्रिकेवर देव असतो, मंग आपल्या कागदावर काऊन न्हाई?

गिरिजाबाई शेवयाचं मशीन फिरवत होती, तिनं हात थांबवला. म्हणली, हापिसात कागदावर चहाचा कप ठेवतात अध्यक्षीणबाई. मंग फाडतात, मंग टोपलीत टाकतात. तुमचे समर्थ टोपलीत. चालंल का?

नंदाबाई म्हणली न्हाई चालणार.

मंग कुणी म्हणलं कमळ — ते पार्टीचं हाय. कुणी म्हणलं चूल — आम्ही गॅसवर भाजतो. शेवटी खलबत्ता ठरला. गटाचा पयला येसर त्याच लोखंडी खलात कुटला होता, गिरण नव्हती तव्हा. तो अजून दारामागं हाय, दार वाऱ्यानं लागू नये म्हणून.

मी बाहेर आणला, चुन्यानं रंगवलेल्या भिंतीपुढं ठेवला, मोबाईलवर फोटो काढला. बराबर काढला. पाहिलं तर तृप्तीचा हात त्याच्यात! बत्त्याला धरलेला. ती कव्हा येऊन बसली मला कळलंच न्हाई. नुसता हात दिसतो, मनगटापर्यंत, काळ्या मण्यांची मनगटी बी दिसती.

दुसरा काढायला गेले तर मोबाईल बंद पडला. चार्जिंग संपली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वैनीनं वाण लुटलं. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि बायांपुढं म्हणली, घ्या, आता आपल्या घरी जाऊन गोड बोला.

बाया हासल्या. मी बी हासले. काय करणार.

दादानं तृप्तीला बिस्किटाचा पुडा आणला. रोजच आणतो. ती त्याच्या गाडीचा आवाज ओळखती.

१५ जानेवारी, बुधवार

फोटो लॅपटॉपात गेला. राधेश्यामनं वायर लावून दिली. कागदावर कसा टाकायचा ते बी सांगितलं. इन्सर्ट दाबा, पिक्चर दाबा. दाबलं. आणि खलबत्ता एवढा मोठा आला की सगळं पान भरलं! गटाचं नाव कुठं गेलं कळंना. खाली शोधलं तर दुसऱ्या पानावर जाऊन बसलेलं.

कोपरा धरून ओढायचा म्हणे. मी बाजू धरून ओढली. खल चपटा झाला, परातीसारखा. गिरिजाबाई म्हणली आता ह्याच्यात पीठ मळा.

नंतर कोपरा सापडला. लहान केला. नावाच्या डाव्या बाजूला बसवला. नीट दिसून राह्यला. मंग मी खाली अर्ज लिहायला घेतला, ‘मा. महोदय’ लिहून एंटर मारलं — आणि खलबत्ता चालला खाली! प्रत्येक एंटरला एक पायरी. मी वर ओढते, तो खाली जातो. मी थांबले की तो थांबतो.

माझ्याच मागं का लागतं सगळं?

१६ जानेवारी

तसंच. आज तो अक्षरांच्या मागं जाऊन लपला. वर ‘महोदय’, खाली तृप्तीचा हात.

आणि नावाखाली मी जी लांब रेघ मारली ती चित्रापशी येऊन तुटती. चित्राच्या भवती पांढरी पांढरी चौकट हाय, ती रेघ खाऊन टाकती. काढायची कशी ठाऊक न्हाई.

अठरा दिवस राह्यले. सतरा.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज लिहू का नको असं झालं. लिहिते तरी.

आज मला वाटलं दुसरं एखादं बरं चित्र असंल. राधेश्याम म्हणला होता की लोकांचे कागद मी पुसले, पण चित्रं तशीच ठेवली, तुमच्या कामी येतील. एक पिवळी पिशवी दिसती, खाली लोगो लिहिलेलं. ती उघडली. शंभर चित्रं असतील. ट्रॅक्टर, गाय, पुस्तक, डॉक्टरच्या गळ्यातलं, क्रिकेटची बॅट, दोन हात जोडलेले. पाहात पाहात खाली गेले.

तराजू.

तोच. माझ्या कागदावरचा. डाव्या पारड्याची साखळी वर जरा कापलेली. तशीच. मी दहादा पाहिलेला, मला चुकणार न्हाई.

मी झाकण बंद केलं. नंदाबाईनं इचारलं काय झालं. म्हणलं, डोळे दुखले.

कोर्टाचा तराजू आमच्या खोलीत कसा आला? त्यांना कळतं का मी काय करून राह्यले ते? ह्या मशीनीत पाहून लिहितात का ते? मला काही समजंना. लॅपटॉप पोत्यानं झाकून ठेवला आणि तृप्तीला उचलून बाहेर ओट्यावर बसले.

१८ जानेवारी

हात लावला न्हाई.

१९ जानेवारी, रविवार

शैलाताई आल्या. नंदाबाईच्या शेजारच्या. परतूरला सरकारी हापिसात हाईत, पंधरा वर्षं आवक-जावकाच्या टेबलावर. रविवारी आईकडं येतात. नंदाबाईनं त्यांना ओढूनच आणलं, ही पोरगी दोन दिवस झाले मशीनीला भिऊन राह्यली म्हणून.

त्यांनी पोतं काढलं. तराजू कुठंच नव्हता वर. नुसता माझा पळणारा खल.

त्या हासल्या न्हाईत. म्हणल्या, ‘तू चित्र अंगणात ठेवलंस. माणसं येतील तसं ते सरकणारच. त्याला माळ्यावर ठेव.’ आणि पानाच्या एकदम वर, मोकळ्या जागी दोनदा टिचकी मारली. एक वेगळीच जागा उघडली. हेडर. तिथं चित्र टाकलं, नाव टाकलं, बंद केलं. मंग खाली मला पन्नास एंटर मारायला लावले. खल हालला न्हाई! दुसरं पान आलं, त्याच्यावर बी आपोआप खल आला. तिसऱ्यावर बी.

फक्त फिकट दिसून राह्यला. मी घाबरले, म्हणलं रंग उडाला. ताई म्हणल्या माळ्यावरची वस्तू खालून फिकटच दिसते, छापल्यावर बरोबर येतं.

रेघेचं बी सांगितलं. चित्रावर टिचकी, मंग ‘मागे’, मंग रेघ पुढं आली.

मंग त्या म्हणल्या हा हात कापून टाकू. चित्राला काळे कोपरे आले, तिथून आत ढकललं की नको तेवढं कापलं जातं. त्यांनी ढकलायला घेतलं. मी त्यांचा हात धरला. सरकारी बाईचा हात! लेकराचा हात कसा कापायचा? चित्रातला असला म्हणून काय झालं. तेही आत्ता, ह्या दिवसांत.

नंदाबाई म्हणली, राहू द्या ताई, तिचं ऐका. गिरिजाबाई म्हणली कुटायला कुणीतरी पाहिजेच की, नुसता खल काय करतो?

हात राह्यला.

जाताना ताईंनी उजव्या बाजूला दोन गोष्टी लिहायला लावल्या. ‘जा.क्र.’ आणि ‘दिनांक’. जा.क्र. म्हंजे जावक क्रमांक. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर, तोच नंबर वहीत, कुणाला गेला ते बी वहीत. पेनानं लिहायचा. त्या म्हणल्या, ‘माझ्या टेबलावर नंबर नसलेलं पत्र आलं तर मी ते पत्रच धरत नाही. नंबर नाही म्हणजे ते कुणी पाठवलंच नाही.’

मी नंदाबाईकडून एक नवी वही मागून घेतली. वर लिहिलं, जावक.

२१ जानेवारी, मंगळवार

काही चुकलं तर कंट्रोल आणि झेड दाबायचं, ताईंनी सांगितलं होतं. एक शब्द चुकला, दाबलं. तो सुधरला. मला मजा वाटली, दाबत राह्यले. अर्ज गेला. रेघ गेली. खल गेला. नाव गेलं. कोरं पान!

ओरडले. तृप्ती दचकून रडायला लागली.

ताईंना फोन केला. त्या म्हणल्या आता वाय दाब. एकेक करून सगळं परत आलं. शेवटी हात आला.

२२ जानेवारी, बुधवार

छापलं. राधेश्यामच्या मशीनीवर, पेन ड्राइव्हात नेऊन. खल काळाभोर, रेघ सरळ, फिकट बिलकुल न्हाई. पायऱ्या उतरले आणि मला वाटलं कुणीतरी कागद हिसकावून घेईल. छातीशी धरून आणला.

नंदाबाईनं जा.क्र. १ स्वतः लिहिला. सही केली. मंग हळदकुंकवाची बोटं कागदावर उठवली आणि अर्ज देव्हाऱ्यापुढं ठेवला. म्हणली पयला कागद देवाचा.

मी म्हणलं बाई, हा अर्ज हाय. ती म्हणली आता न्हाई. दुसरा काढ.

जावक वहीत लिहिलं — १, देवाजवळ.

२३ जानेवारी

ताईंना फोनवर वही वाचून दाखवली. एक नंबर कुणाला गेला? मी म्हणलं देवाला. त्या म्हणल्या, ‘पोच घेतलीस का त्याची?’ मला कळंना चिडल्या का काय. मंग हासल्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

जा.क्र. २, प्रदर्शनाचा अर्ज. नंदाबाई आणि गिरिजाबाई एसटीनं जालन्याला देऊन आल्या. तिथल्या साहेबानं लोगोतला हात पाहून इचारलं म्हणे, हे कुणाचं बाळ. नंदाबाई म्हणली गटाचं.

जा.क्र. ३ माझ्या हातात हाय. ‘श्रीमती वंदना ह्या आमच्या गटात नियमित कामाला असून स्वतःच्या कमाईवर मुलीचा सांभाळ करतात.’ खाली सही, शिक्का. मीच टाइप केलं, तरी दुसऱ्या कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटून राह्यलं.

आता हे कुठं द्यायचं? जालन्याला त्या कार्यालयात? तिथं आत कसं जायचं? कुणाला इचारायचं, इचारलं तर गुन्हा.

२५ जानेवारी

दादानं जेवताना इचारलं, मंग काय ठरवलंस? आठ दिवस राह्यले. म्हणलं इचार करून राह्यले. तो म्हणला पोलीस आले तर लेकरू दचकंल, त्यापेक्षा मीच गाडीवर सोडून येतो दोघींना. वैनी म्हणली मी पुरणाचं करून देते सोबत.

वैनी इतकी गोड कव्हाच बोलली न्हाई.

जा.क्र. ३ मी दादाला दाखवलं न्हाई. काऊन ते मला बी ठाऊक न्हाई. त्याला आनंदच झाला असता.

२७ जानेवारी, सोमवार

आज ट्रंकेतून तो कागद काढला आणि खोलीवर आणला. पत्ता पाहायचा होता, जायचं तर कुठं जायचं म्हणून. स्वेटर सोडलं. तराजूवर बोट ठेवलं, म्हंजे दिसणार न्हाई. मंग बोट काढलं.

शेजारी माझा जा.क्र. ३ ठेवला. दोन्ही कागद एकापशी एक.

पत्ता न्हाईच. नुसतं ‘जालना’.

मंग दिसलं की त्यांची रेघ तुटलेली हाय. तराजूपशी येऊन तुटती, भवती पांढरी चौकट. माझी तुटत होती तशी. मी म्हणलं, एवढ्या मोठ्या हापिसाला बी रेघ पुढं घेता येत न्हाई?

दुसरं पान पाहिलं. वर काहीच न्हाई. न नाव, न तराजू. तराजू अंगणातच ठेवलेला.

आणि उजव्या बाजूला लिहिलंय जा.क्र. आणि पुढं टिंबं. नुसती टिंबं. नंबर न्हाई. खाली सही बी न्हाई, टाइपात ‘सही/-’ एवढंच.

माझीच समज कमी असंल. पंधरा दिवस लॅपटॉप शिकलेली बाई कोर्टाची चूक काढून राह्यली! पण शैलाताई म्हणल्या होत्या — नंबर न्हाई म्हंजे कुणी पाठवलंच न्हाई.

मंग हे कुणी पाठवलं?

२८ जानेवारी, मंगळवार

गुन्हा लागंल तर लागू दे. एसटीनं परतूरला गेले, शैलाताईंच्या हापिसात. तृप्ती काखेला. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उभीच राह्यले.

त्यांनी चष्मा लावून वाचला. उलटा केला. परत सुलटा केला. म्हणल्या, ‘वंदना, हे पत्र नाही. हे कुणीतरी टाइप करून घेतलंय. ह्या नावाचं ऑफिस मी नोकरीत कधी ऐकलं नाही. आणि कोर्ट असं पोरगी उचलायला सांगत नाही, आधी तुला बोलावतं, तुझं ऐकतं. तुला कुणी बोलावलं?’

म्हणलं न्हाई.

मी खालीच बसले, फरशीवर. त्यांनी पाणी दिलं. त्यांच्या ओळखीची एक वकीलबाई हाय, तिला दाखवू म्हणल्या, कशाचीच भीती न्हाई म्हणल्या.

मंग पाकीट पाहिलं. म्हणल्या ह्याच्यावर तिकीट नाही, टपालाचा शिक्का नाही. तुला कुणी आणून दिलं?

म्हणलं दादानं. पोस्टमननं त्याच्यापशी दिलं.

ताईंनी पाकीट परत उलटंपालटं करून पाहिलं. मंग म्हणल्या, चहा घे.

२९ जानेवारी, बुधवार

झोप लागली काल! किती दिवसांनी. तृप्तीनं उठवलं.

भारतचंच काम हे. दुसऱ्या कुणाला पडली? शहागडवरून आला असंल, आष्टीत टाइप केलं असंल, आणि पोस्टमनला फसवून दादाच्या हातात दिलं. दादा साधा माणूस. त्याला बी फसवलं. त्याला सांगायला पाहिजे, तो बिचारा महिनाभर काळजी करून राह्यला.

पण आधी राधेश्यामला इचारते. तराजू त्याचाच. एकदा त्यानं सांगितलं की भारतनं टाइप केलं, की दादाला घेऊन जाते, वकीलबाईपुढं बी सांगायला लावते.

आज पावणे आल्ते वैनीचे. उद्या जाते.

३० जानेवारी, गुरुवार

गेले. राधेश्याम लॅमिनेशन करत होता. कागद त्याच्यापुढं धरला. म्हणलं भाऊ, हे तुमचंच ना.

व्हय म्हणला. लगेच म्हणला. मंग त्यानं मान खाली घातली. म्हणला मजकूर लोक आणतात, मी टाइप करतो वंदनाबाई, मला काय ठाऊक. वसंतानं आणला होता लिहून. बहीण ऐकत न्हाई, जरा भीती घालायची हाय, वर काहीतरी कोर्टासारखं टाक, म्हणला.

संध्याकाळी दादानं तृप्तीला बिस्किटाचा पुडा आणला. ती त्याच्या गळ्यात पडली. मी स्वेटर, कपडे, तिचा ग्लास पिशवीत भरला, तिला काखेला घेतलं आणि निघाले.

हे गटाच्या खोलीत बसून लिहून राह्यले. चावी नंदाबाईनं दिली. दार वाऱ्यानं वाजत होतं, खल लावला.